सायरन वाजल्यावर कॉलेजनं काय करायचं?

७ मे २०२५, बुधवार. आदल्या रात्री ऑपरेशन सिंदूर झालं होतं आणि सकाळी मेसमध्ये पोह्यांपेक्षा मोबाईलच जास्त गरम होते. त्याच दिवशी देशभर नागरी संरक्षणाची मॉक ड्रिल व्हायची होती. महाराष्ट्रातल्या ठिकाणांच्या यादीत मुंबई, ठाणे, उरण आणि तारापूर ही नावं वाचली आणि आमचं टेबल एकदम शांत झालं. तारापूर म्हणजे बोईसर, आपलीच वेस्टर्न लाईन! आणि मीरा-भाईंदर ठाणे जिल्ह्यातच येतं.

मग जे व्हायचं तेच झालं. हॉस्टेलच्या ग्रुपवर फॉरवर्डचा पाऊस सुरू झाला. कुणी म्हणे एटीएम बंद होणार, कुणी म्हणे लोकल बंद, कुणी भलत्याच देशातला जुना व्हिडिओ 'आत्ताचा' म्हणून टाकला. आपल्या क्लबांनीही आपापल्या परीनं कामाला सुरुवात केली. एकानं पोस्टर स्पर्धा जाहीर केली, दुसऱ्यानं मेणबत्ती मोर्चाची तारीख विचारली, तिसऱ्यानं प्रोफाईल फोटोसाठी तिरंग्याची फ्रेम बनवली. मी स्वतः पोस्टर स्पर्धेत नाव दिलं होतं, उगाच खोटं का बोला.

दुपारी गेटवरच्या वॉचमन काकांनी मला थांबवलं. म्हणाले, "ताई, तुम्ही त्या एनएसएसमध्ये आहात ना? मग एक सांगा. रात्री भोंगा वाजला तर वरच्या मजल्यांवरच्या पोरींना खाली मैदानात उतरवायचं, की खोलीतच ठेवायचं?"

सात मजल्यांची इमारत. शंभराच्या वर मुली. आणि मला उत्तर माहीत नव्हतं. मी सेक्रेटरीला विचारलं, तिला माहीत नव्हतं. आम्ही सरांना फोन केला, तेही म्हणाले, "बघून सांगतो."

त्या रात्री हाटकेशमध्ये काहीच झालं नाही. १० मेला शस्त्रसंधी झाली आणि ग्रुपवर पुन्हा परीक्षेच्या टाईमटेबलची भांडणं सुरू झाली. पण काकांचा प्रश्न काही डोक्यातून जाईना. युद्धाच्या काळात कॉलेजमधल्या क्लबांनी नेमकं करायचं तरी काय असतं? आपल्या आधीच्या पोरांनी काय केलं होतं? सुट्टीत मी हे शोधत बसले. जे सापडलं ते तुमच्यासमोर ठेवते आहे. लेख जरा लांब आहे, पण शेवटी काकांच्या प्रश्नाचं उत्तर आहे, तेव्हा वाचाच!

लंडनमधले ऐंशी जण

सुरुवात आपल्या देशात नाही, लंडनमध्ये करावी लागते. ४ ऑगस्ट १९१४ ला ब्रिटन पहिल्या महायुद्धात उतरलं आणि ६ ऑगस्टला गांधीजी दक्षिण आफ्रिकेहून लंडनला पोहोचले. तिथे शिकणाऱ्या भारतीय मुलांसमोर प्रश्न होता: हे युद्ध आपलं नाही, पण ज्या शहरात आपण राहतो, जेवतो, ते शहर संकटात आहे. मग आपण काय करायचं? काही जण म्हणत होते की गुलामानं मालकाच्या युद्धात मदत करायची नसते. गांधीजींचं मत पडलं की जखमींची सेवा करायची. बोअर युद्धात १८९९ साली नाताळमध्ये त्यांनी असंच शुश्रूषा पथक उभं केलं होतं.

यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांनी आधी काय केलं. ते नुसती सभा भरवून थांबले नाहीत. ते वर्गात जाऊन बसले! डॉ. कँटली नावाच्या डॉक्टरांनी या मंडळींना प्रथमोपचार शिकवला. साधारण ऐंशी जणांची तुकडी होती. सहा आठवड्यांनी परीक्षा झाली आणि एक सोडून सगळे पास झाले, असं गांधीजींनी आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. बायकांनीही हातभार लावला. सरोजिनी नायडू सैनिकांच्या कपड्यांच्या शिवणकामाच्या व्यवस्थेत गुंतल्या होत्या.

आता गंमत पुढे. पथक तयार झालं आणि भांडण लागलं. लष्करी अधिकाऱ्यानं ऑक्सफर्डच्या काही तरुण मुलांना तुकड्यांवर परस्पर प्रमुख नेमलं. बाकीचे म्हणाले, आमचा प्रमुख आम्ही निवडणार. थेट असहकारापर्यंत गोष्ट गेली. तेवढ्यात नेटलीच्या लष्करी रुग्णालयात जखमी सैनिक मोठ्या संख्येनं येऊ लागले, माणसं कमी पडू लागली आणि बरेच स्वयंसेवक शेवटी कामावर गेले. म्हणजे 'कोण कोऑर्डिनेटर' यावरून होणारी भांडणं शंभर वर्षांपूर्वीचीच आहेत मित्रांनो, आपण काही नवीन शोध लावलेला नाही! फरक एवढाच, की त्यांच्याकडे भांडायच्या आधी प्रथमोपचाराचं सर्टिफिकेट होतं.

त्याच युद्धात आपल्या मुंबईत काय चाललं होतं? गेटवेजवळचं वस्तुसंग्रहालय आपण सगळ्यांनी शाळेच्या सहलीत पाहिलंय. त्याची इमारत १९१४ ला बांधून झाली, पण संग्रहालय लोकांसाठी उघडलं १९२२ मध्ये. मधल्या काळात तिथे लष्करी रुग्णालय चाललं. जिथे आपण रांगेत उभं राहून ममी बघितली, तिथे जखमी सैनिकांच्या खाटा होत्या.

एकाच बाकावरचे दोघे

१९१७ मध्ये सैन्याला माणसं कमी पडू लागली, तेव्हा इंग्रज सरकारनं विद्यापीठांमध्ये 'युनिव्हर्सिटी कोअर' सुरू केलं. १९२० च्या कायद्यानं त्याचं 'युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर' झालं आणि १९४२ मध्ये, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या मध्यात, 'युनिव्हर्सिटी ऑफिसर्स ट्रेनिंग कोअर'. आजच्या एनसीसीचे हे पणजोबा. कॉलेजच्या मैदानावर परेड, खांद्यावर रायफल, आणि वर्षातून एकदा कॅम्प.

पण १९४२ म्हणजे फक्त महायुद्ध नव्हे, ते 'चले जाव'चंही वर्ष! ९ ऑगस्टनंतर वर्ग ओस पडले. एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलांपैकी एक खाकी घालून परेडला जातोय आणि दुसरा भूमिगत होतोय, असा तो काळ होता. दोघांनाही वाटत होतं की आपण देशासाठी करतोय. आपल्याकडे १९४१ मध्ये नव्यानं उभ्या राहिलेल्या राष्ट्र सेवा दलाच्या शाखांमधून एस. एम. जोशी, साने गुरुजी अशा मंडळींच्या भोवती तरुण पोरं जमा होत होती. कवायत, खेळ, गाणी, श्रमदान हे त्यांचं रोजचं काम, आणि बेचाळीसमध्ये त्यांच्यातले कित्येक जण चळवळीत उतरले.

इंजिनिअरिंगच्या मुलांना आवडेल अशी एक गोष्ट याच वर्षातली आहे. उषा मेहता तेव्हा २२ वर्षांच्या होत्या, शिक्षण चालू होतं. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत गुप्त 'काँग्रेस रेडिओ' चालवला. २७ ऑगस्ट १९४२ ला पहिलं प्रसारण झालं आणि १२ नोव्हेंबरला पोलिसांनी छापा टाकेपर्यंत तो चालू राहिला. ४२.३४ मीटरवर. कॅल्क्युलेटर काढा: प्रकाशाचा वेग भागिले तरंगलांबी, म्हणजे साधारण ७.०८ मेगाहर्ट्झ. शॉर्टवेव्ह. ट्रान्समीटर चालू असताना दिशा शोधणाऱ्या यंत्रानं जागा पकडता येते, म्हणून ही मंडळी सारखी घरं बदलत. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली आणि त्या १९४६ मध्ये सुटल्या.

मी हे का सांगते आहे? रेडिओ चालवणं ही काही 'सोशल सर्व्हिस' नाही, असं तुम्ही म्हणाल. पण सेन्सॉर झालेल्या वर्तमानपत्रांच्या काळात लोकांपर्यंत बातमी पोहोचवणं हीच त्यांची सेवा होती. आणि ती करायला नुसती तळमळ पुरली नसती. ट्रान्समीटर बांधणारा, चालवणारा, जागा शोधणारा, बोलणारा असा प्रत्येक जण आपापल्या कामात तयार होता.

सेवा कम्पल्सरी करता येते का?

स्वातंत्र्यानंतर पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या समितीच्या शिफारशींवरून १९४८ मध्ये एनसीसीचा कायदा झाला आणि १५ जुलै १९४८ ला एनसीसी सुरू झाली. १९४९ मध्ये मुलींचा विभाग आला. १९५० मध्ये हवाई विभाग सुरू झाला तेव्हा त्याची एक तुकडी मुंबईत होती.

मग एका मराठी माणसानं एक मोठा प्रश्न हातात घेतला. १९५९ मध्ये 'राष्ट्रीय सेवा समिती' नेमली गेली, अध्यक्ष होते आपले सी. डी. देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, माजी अर्थमंत्री, रायगडचे सुपुत्र. समितीनं सुचवलं की हायस्कूल संपवून कॉलेजात जाणाऱ्या प्रत्येकानं नऊ महिने ते एक वर्ष सक्तीची राष्ट्रसेवा करावी. विचार करा, बारावीची सीईटी झाली की अॅडमिशनऐवजी एक वर्ष खेड्यात! त्यानंतर प्रा. सय्यदैन यांनी इतर देशांमध्ये काय चालतं याचा अभ्यास केला आणि मत दिलं की सुरुवात स्वेच्छेनंच व्हावी. देशमुखांची योजना कागदावर राहिली.

आणि २० ऑक्टोबर १९६२ ला चीनचं आक्रमण झालं.

त्या महिन्याबद्दल घरोघरी गोष्टी आहेत. तुमच्या आजी-आजोबांना विचारा. राष्ट्रीय संरक्षण निधी स्थापन झाला, बायकांनी अंगावरचे दागिने काढून दिले. बर्फात लढणाऱ्या जवानांकडे पुरेसे गरम कपडे नाहीत हे कळल्यावर मुलींनी स्वेटर विणायला घेतले. नोव्हेंबरमध्ये यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्रिपद सोडून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, आणि 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' हे वाक्य मराठीत कायमचं रुजलं.

सरकारनं १९६३ मध्ये कॉलेजच्या धडधाकट मुलांना एनसीसी सक्तीची केली. जे देशमुख समितीला शांततेच्या काळात जमलं नाही, ते युद्धानं एका फटक्यात केलं. पण टिकलं का? नाही. मुलं लाखांनी वाढली, तेवढे शिकवणारे अधिकारी, गणवेश, रायफली आणायच्या कुठून? शिवाय ज्याला मनापासून यायचं नाही तो परेडच्या ग्राउंडवर नुसता उन्हात उभा राहतो, हजेरी लावतो आणि घरी जातो. (ओळखीचं वाटतंय का?) १९६८ मध्ये एनसीसी पुन्हा ऐच्छिक झाली.

मधल्या काळात १९६५ चं युद्ध झालं. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी आठवड्यातून एक जेवण सोडायचं आवाहन केलं आणि सोमवारची संध्याकाळ घराघरांत उपासाची झाली. १९६५ आणि १९७१ या दोन्ही युद्धांत एनसीसीच्या कॅडेट्सना दुसऱ्या फळीचं काम दिलं गेलं. शस्त्रास्त्र कारखान्यांना मदत, आघाडीकडे जाणाऱ्या दारूगोळ्याच्या वाहतुकीला हात, शत्रूचे छत्रीधारी सैनिक उतरले तर शोधायला गस्त, नागरी संरक्षण दलाबरोबर बचावकार्य, आणि रस्त्यावर ट्रॅफिक सांभाळणं. यादी नीट बघा. यातलं शेवटचं काम सगळ्यात साधं. पण ब्लॅकआऊटच्या अंधारात ते करून बघा म्हणजे कळेल!

१९७१: एक काळा कागद आणि एक चाक

३ डिसेंबर १९७१ ला युद्ध सुरू झालं आणि १६ तारखेला ढाक्यात पाकिस्तानी सैन्यानं शरणागती पत्करली. त्या दिवसांत मुंबईत ब्लॅकआऊट होता. खिडक्यांच्या काचांना काळे कागद, गाड्यांच्या दिव्यांना अर्धा काळा रंग, आणि गल्लीतून फिरणारे स्वयंसेवक, "अहो तिसरा मजला, लाईट!" आपल्या या भागात तेव्हा मिठागरं, खाजण आणि शेतं. आज हाटकेशच्या उद्योगनगरात जिथे रात्री गाळ्यांमधून मशीनचा आवाज येतो, तिथे तेव्हा विझवायला दिवेच फार नसतील.

या युद्धाच्या आधी काही महिने पूर्व पाकिस्तानातून जवळजवळ एक कोटी निर्वासित भारतात आले होते. त्यांच्यासाठी नोव्हेंबर १९७१ पासून प्रत्येक पत्रावर पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागत असे. म्हणजे घरी 'मी खुशाल आहे' एवढं लिहिणाऱ्या हॉस्टेलच्या पोरानंही पाच पैसे दिलेच.

आणि आपली एनएसएस? ती याच्या दोनच वर्षं आधी जन्मली होती. कोठारी आयोगानंही सेवेचा आग्रह धरला होता. एनसीसीला पर्याय हवा, बंदूक नको असणाऱ्यालाही देशासाठी काही करता यावं, या विचारातून गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ ला, ३७ विद्यापीठांत चाळीस हजार विद्यार्थ्यांसह राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. बॅजवरचं ते चाक कोणार्कच्या सूर्यमंदिराच्या रथाचं. त्याचे आठ आरे म्हणजे दिवसाचे आठ प्रहर. अर्थ काय, तर स्वयंसेवक चोवीस तास तयार! आमच्यापैकी किती जणांना हे माहीत होतं? मला नव्हतं. मला वाटायचं ते अशोकचक्राचंच काहीतरी आहे.

म्हणजे देशमुखांच्या प्रश्नाचं उत्तर इतिहासानं असं दिलं: सेवा सक्तीची करून टिकत नाही. पण नुसती स्वेच्छेवर सोडली तर काय होतं? वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, एक सात दिवसांचं शिबिर, आणि दहा ग्रेस मार्क. मी खोटं बोलत नाही, मीही मार्कांसाठीच नाव घातलं होतं. प्रश्न तास भरले का हा नाही. त्या २४० तासांच्या शेवटी आपल्या हाताला काय येतं, हा आहे.

चादरीची गोष्ट

याचं सगळ्यात जवळचं उदाहरण सांगते. तसं ते युद्धाचं नाही. ११ जुलै २००६ ला संध्याकाळी वेस्टर्न लाईनवर काही मिनिटांत सात स्फोट झाले. त्यातला एक मीरा रोड आणि भाईंदरच्या मध्ये. म्हणजे आपण रोज दारात लटकून जातो त्याच पट्ट्यात. पाऊस, गर्दी, फोन लागत नाहीत. रुग्णवाहिका पोहोचायच्या आधी रुळांशेजारच्या वस्त्यांमधले लोक धावले. घरातल्या चादरी आणल्या, जखमींना त्यात घातलं, चार कोपरे चौघांनी धरले आणि रस्त्यापर्यंत नेलं. मिळेल त्या रिक्षात, टेम्पोत घातलं.

ते कुठल्या क्लबचे मेंबर नव्हते. त्यांना कुणी मार्क दिले नाहीत. पण एक गोष्ट मनात येतेच. ज्याची मान किंवा पाठ दुखावलीय त्याला चादरीत झोळीसारखं उचललं तर इजा वाढू शकते. तीच चादर दोन मजबूत बांबूंवर घडी घालून ताणली की स्ट्रेचर होतं. पाच मिनिटांचं शिक्षण आहे. धावून जाणाऱ्यांची आपल्याकडे कधीच कमी नव्हती. ती पाच मिनिटं आधी कुणीतरी द्यायला हवी होती, आणि ते काम कॉलेजच्या क्लबचं आहे.

रक्तदान: चांगली गोष्ट, चुकीचा दिवस

१९९९ च्या कारगिल युद्धात ५२७ भारतीय जवान शहीद झाले. तेव्हा निधीचे डबे आणि रक्तदान शिबिरं हे गावोगावचं दृश्य होतं. आजही काही घडलं की क्लबचा पहिला विचार रक्तदानाचाच. चांगलाच आहे. पण जरा गणित करूया.

दिलेलं पूर्ण रक्त नेहमीच्या पिशवीत साधारण ३५ दिवस टिकतं. लाल पेशी वेगळ्या करून खास द्रावणात ठेवल्या तर ४२ दिवस. प्लेटलेट्स तर फक्त पाच दिवस. एकदा रक्त दिलं की मुलांना ९० दिवस आणि मुलींना १२० दिवस थांबावं लागतं. आता समजा एकाच दिवशी दोनशे जणांनी रक्त दिलं. गरज लागली नाही तर दीड महिन्यात त्या पिशव्या वाया, आणि गरज दोन महिन्यांनी आली तर ते दोनशे जण देऊच शकत नाहीत! अमेरिकेत २००१ मध्ये ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर लोकांनी रांगा लावून रक्त दिलं आणि त्यातल्या लाखाहून जास्त पिशव्या शेवटी टाकून द्याव्या लागल्या. भावना खरी होती, फक्त नियोजन नव्हतं.

उपाय आपल्याला येतो. यालाच आपण इन्व्हेंटरी मॅनेजमेंट म्हणतो आणि सेमिस्टरला लिहितो. रक्तगटाप्रमाणे नोंदवही करायची. वय १८ पूर्ण, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५ च्या वर असणाऱ्यांची नावं. चार गट पाडायचे, प्रत्येक गटानं वर्षाच्या वेगळ्या महिन्यात द्यायचं, आणि काही जण कायम राखीव. मग युद्ध असो की लोकलचा अपघात, ब्लड बँकेचा फोन आला की आपल्याकडे नाव तयार.

मग काकांना काय सांगायचं?

आता शेवटी तो प्रश्न. थोडी माहिती आधी.

नागरी संरक्षणाचा कायदा १९६८ चा आहे, आणि २००९ च्या दुरुस्तीनं त्यात पूर, भूकंप अशा आपत्तीही आल्या. याचं शिक्षण देणारी देशातली मोठी संस्था आपल्याच नागपूरला १९५७ मध्ये उभी राहिली. आज तिथे एनडीआरएफची अकादमी आहे. नागरी संरक्षणाच्या बारा सेवा असतात: वॉर्डन, आग विझवणं, बचाव, जखमींची सेवा, संदेशवहन, वाहतूक वगैरे. यातली एकही सेवा अशी नाही की जी विशीतल्या मुलामुलीला शिकता येणार नाही.

सायरनचे दोन आवाज ओळखायचे. वर-खाली होणारा, रडल्यासारखा आवाज दोन मिनिटं वाजला तर धोका. एकाच सुरात सरळ दोन मिनिटं वाजला तर धोका टळला.

हवाई धोक्याचा सायरन वाजला तर मुलींना मैदानात उतरवायचं नाही! उघड्यावर उडणारे काच-लोखंडाचे तुकडे जास्त इजा करतात. वरच्या मजल्यांवरच्यांनी जिन्यानं (लिफ्टनं नाही) खालच्या मजल्यांवर यायचं आणि खिडक्यांपासून लांब, आतल्या पॅसेजमध्ये भिंतीला टेकून बसायचं. दिवे बंद, मोबाईलचे टॉर्चही बंद. मेसमधला गॅस बंद. आग लागली तर मात्र याच्या उलट: सगळ्यांनी बाहेर मोकळ्या जागेत. दोन्हींची सरमिसळ झाली तर घोटाळा, म्हणून सराव दोन्हींचा वेगवेगळा करायचा.

कुणी विचारेल, आजची क्षेपणास्त्रं उपग्रहाच्या मदतीनं येतात, मग दिवे घालवून काय होणार? खरंय, आकडे भरून पाठवलेल्या क्षेपणास्त्राला अंधाराचं काही वाटत नाही. पण डोळ्यांनी किंवा साध्या कॅमेऱ्यानं लक्ष्य शोधणाऱ्याला अडचण होते. आणि मुख्य म्हणजे शंभर खोल्यांनी एका सूचनेवर एकत्र काहीतरी केलं, हाच सराव मोठा. जी इमारत दोन मिनिटांत अंधार करू शकते, ती पाच मिनिटांत रिकामीही होऊ शकते.

माझ्या मते आपल्या क्लबांनी एवढंच वाटून घ्यावं. एका क्लबानं प्रथमोपचार: प्रत्येक मजल्यावर निदान दोघी अशा, की ज्यांना रक्तस्राव दाबून थांबवता येतो आणि सीपीआर देता येतो (मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच-सहा सेंटिमीटर खोल). दुसऱ्यानं रक्ताची नोंदवही. तिसऱ्यानं मजल्यांची यादी: कोण कुठल्या खोलीत, कुणाला दमा आहे, कुणाच्या पायाला प्लास्टर आहे, घरचा नंबर काय. आणि कॉम्प्युटरवाल्यांनी बातम्या. हे काम कमी समजू नका. १९४२ मध्ये बातमी मिळत नव्हती म्हणून रेडिओ काढावा लागला. २०२५ मध्ये बातम्यांचा पूर आला म्हणून खोटी गाळायला चाळणी हवी. ग्रुपवर काही आलं की अधिकृत ठिकाणी आहे का ते बघायचं, नसेल तर 'खात्री नाही, पुढे पाठवू नका' एवढं एक वाक्य लिहायचं. त्या तीन-चार दिवसांत आमच्या ग्रुपवर असं लिहिणारं एकही माणूस असतं, तर दुसऱ्या मजल्यावरची एक फर्स्ट इयरची मुलगी रात्रभर रडत बसली नसती. तिचे वडील सैन्यात आहेत, आणि ग्रुपवर त्यांच्याच भागाबद्दलचा खोटा मेसेज फिरत होता.

खरं सांगायचं तर पोस्टर, मेणबत्त्या, तिरंग्याच्या फ्रेम या सगळ्याच्या मी विरोधात नाही. माणसाला काहीतरी करावंसं वाटतं, हातात दुसरं काही नसतं, तेव्हा तो मेणबत्ती लावतो. माझं म्हणणं एवढंच, की पुढच्या वेळी हातात दुसरंही काही असावं. १९१४ च्या त्या पोरांच्या हातात होतं, कारण ते सहा आठवडे वर्गात बसले होते. आणि सक्तीच्या त्या पाच वर्षांनी दाखवलं की हे कुणी वरून लादून होत नाही.

जूनमध्ये कॉलेज उघडल्यावर मी काकांना उत्तर सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, मग डायरीच्या मागच्या पानावर लिहायला घेतलं: 'भोंगा - आत, खाली. आग - बाहेर.' पाच शब्दांत त्यांनी माझा अख्खा लेख संपवला!

मग त्यांनी वर बघितलं आणि विचारलं, "ताई, ही ट्रायल कधी घेताय?"

एनएसएसच्या पहिल्या मीटिंगमध्ये मी हाच प्रश्न विचारणार आहे. तुम्हीही या. हजेरी लागेलच, पण नुसती हजेरी लावायला नका येऊ.